जुन्या घाटाचे नवे कपडे

हल्ली अमेरिकेत, आणि तिच्या मागोमाग आपल्या तेल अवीवच्या दुकानांतही, पुरुषांच्या कपड्यांची एक तऱ्हा चांगलीच रुळली आहे. कपडा कालपरवा शिवलेला असतो, पण त्याचा घाट शंभर वर्षांपूर्वीच्या खाणकामगाराच्या विजारीचा, साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या कॉलेजकुमाराच्या कोटाचा, नाहीतर दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकाच्या खाकी पँटचा असतो. कमरेत थोडी चापून, पायाशी थोडी आखूड, कापड जरा हलके. किंमत मात्र हलकी नसते. दुकानदार याला 'वारसा' म्हणतात. हा अमेरिकन पुरुषाचा जुना आणि अस्सल पोशाख, असे त्यांचे म्हणणे.

वारसा म्हटला की तो कोणाचा, हे विचारणे आलेच. घरात तांब्याची घागर निघाली तर ती कोणाच्या आजीची, हे आपण आधी विचारतो. तसेच या कपड्यांचे आहे. ते कोणी बेतले, कोणी शिवले, त्यांची नावे कुठून आली, आणि नव्या कापडावर जुनेपणा कसा चढवला जातो, ही हकीकत सांगण्याजोगी आहे. यातला शेवटचा मुद्दा माझ्या पेशाचा आहे, म्हणून तो अंमळ सविस्तर येईल.

सुरुवात जीन्सपासून करू, कारण तिच्याइतका 'अस्सल अमेरिकन' कपडा दुसरा नाही. लिव्हाय स्ट्राउस हा बव्हेरियातल्या बुटेनहाइम गावी १८२९ मध्ये जन्मलेला यहुदी मुलगा. घरचे नाव लोब. वडील वारल्यावर आई व बहिणींबरोबर तो न्यूयॉर्कला आला, आणि १८५३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन त्याने कापडाची घाऊक पेढी घातली. तो शिंपी नव्हता, व्यापारी होता. शिंपी होता तो जेकब डेव्हिस. हाही यहुदी, जन्म १८३१, गाव रिगा, आणि मूळचे आडनाव यूफेस. फिरत फिरत तो नेव्हाडातल्या रेनो गावी येऊन तंबू, घोड्यांच्या झुली आणि गाड्यांवरची आच्छादने शिवू लागला होता.

१८७०-७१ च्या हिवाळ्यात एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे आली. नवऱ्याच्या विजारी टिकत नाहीत, खिसे फाटतात, काहीतरी मजबूत शिवून द्या, असे तिचे म्हणणे. झुलींचे पट्टे बसवायच्या तांब्याच्या रिव्हेट डेव्हिसच्या हाताशी पडल्याच होत्या. त्याने त्या खिशांच्या कोपऱ्यांत ठोकल्या. एवढीच युक्ती! पण ती बातमी रेल्वेच्या कामावर असलेल्या मजुरांत पसरली आणि मागणी वाढू लागली. पेटंटसाठी ६८ डॉलर लागत होते. तेवढे पैसे घालण्याची डेव्हिसची ऐपत नव्हती, म्हणून १८७२ मध्ये त्याने आपल्याला कापड पुरवणाऱ्या स्ट्राउसला पत्र लिहिले आणि भागीदारी देऊ केली. २० मे १८७३ रोजी पेटंट मिळाले. डेव्हिस सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि १९०८ मध्ये मरेपर्यंत शिवणकामावर देखरेख करीत राहिला. विजारीला नाव लागले ते मात्र कापड पुरवणाऱ्याचे. शिंप्यांच्या वाट्याला हे नेहमीच येते, त्यात नवल नाही.

जगप्रसिद्ध निळ्या जीन्सचे कापड पुढे उत्तर कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो गावी विणले जाऊ लागले. तिथली 'व्हाइट ओक' गिरणी १९०५ मध्ये सुरू झाली. ती काढणारे मोझेस व सीझर कोन हे बंधू बव्हेरियातून आलेल्या एका यहुदी व्यापाऱ्याची मुले. बापाचे आडनाव 'कान' होते, ते अमेरिकेत 'कोन' झाले. नावे बदलण्याचे हे प्रकरण पुढेही येणार आहे. अर्थात आपण त्याला हसण्याचे कारण नाही. आपल्या कोकणात सॅम्युएलचा सामाजी आणि इझेकियलचा हसाजी झालाच होता.

आता नावांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट आपल्या मुंबईची. या मजबूत कामाच्या कपड्यांना इंग्रजीत 'डंगरी' म्हणतात. अमेरिकन आरमारातले खलाशीही पुढे डंगरी घालीत. हा शब्द आपल्या डोंगरीचा आहे! डोंगरी भागात विकले जाणारे जाडेभरडे सुती कापड इंग्रज व्यापाऱ्यांनी सतराव्या शतकात पाहिले आणि गावाचे नाव कापडाला चिकटले. आपल्या लोकांची जुनी वस्ती त्याच्याच शेजारी, मांडवीला. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेली 'शाआर हाराहामीम' ही आपली पहिली मशीदही तिथलीच. कॅलिफोर्नियातल्या खाणकामगाराला अर्थातच याचा पत्ता नव्हता. त्याला फक्त पँट टिकायला हवी होती.

कामगाराच्या विजारीवरून आता साहेबाच्या कोटाकडे येऊ.

न्यूयॉर्कमध्ये १८१८ साली हेन्री सँड्स ब्रुक्स नावाच्या गृहस्थाने कपड्यांचे दुकान काढले. पुढे मुलांच्या हाती ते 'ब्रुक्स ब्रदर्स' झाले. अब्राहम लिंकनवर १८६५ मध्ये नाट्यगृहात गोळी झाडली गेली, तेव्हा त्याच्या अंगावरचा कोट याच दुकानचा होता. या पेढीने १८४९ पासूनच तयार सूट विकायला सुरुवात केली होती. त्याआधी सभ्य माणूस माप देऊन कपडे शिवून घेई. तयार कपडे खलाशी आणि गुलाम यांच्यासाठी असत. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) लाखो सैनिकांचे गणवेश एकदम शिवावे लागले, ठराविक मापे पडली, शिवणयंत्रे कामाला लागली, आणि तयार कपड्यांचा धंदा उभा राहिला. युद्धाच्या पहिल्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सैनिकांना मिळालेले गणवेश पावसात उसवू लागले. ते जुन्या लोकरीच्या चिंध्या पिंजून, दाबून केलेल्या कापडाचे होते. या कापडाला 'शॉडी' म्हणत. आज इंग्रजीत वाईट कामाला 'शॉडी' म्हणतात, तो अर्थ रूढ झाला तो याच गाजलेल्या प्रकरणाने. त्या काळी चिंध्यांना नवे भासवीत, आज नव्याला चिंध्या भासवतात!

या तयार कपड्यांना हात हवे होते. ते पुरवले रशियाच्या झारने. १८८१ मध्ये झार अलेक्झांडर दुसरा मारला गेला आणि त्याचे खापर यहुद्यांवर फोडून दंगली झाल्या. तेव्हापासून पहिल्या महायुद्धापर्यंत पूर्व युरोपातले सुमारे वीस लाख यहुदी अमेरिकेत आले. त्यातले फार मोठ्या संख्येने न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात उतरले आणि शिवणकामाला लागले. कारखाना म्हणजे बहुधा राहती खोलीच. कंत्राटदार बेतलेले कापड आणून टाकी. एक जण यंत्रावर बसे, एक जण धावदोरा घाली, मुली काजे-बटणे करीत, आणि एक जण चुलीवर तापवलेल्या इस्त्रीने घड्या बसवी. त्याच चुलीवर जेवण होई, आणि त्याच कोटांच्या ढिगावर लेकरू झोपे. कितीतरी अमेरिकन गृहस्थांचे कोट असे शिवून निघत होते.

अशा खोल्यांत क्षय पसरणारच. त्या काळी क्षयाला 'शिंप्यांचा रोग' असेच म्हणू लागले होते. दिवसभर वाकून बसणे, कापडाची कूस श्वासात जाणे, खिडकी नाही, पोटभर अन्न नाही. कूस क्षय देत नाही, जंतू देतात, हे खरे. पण जंतूला अशा खोलीपेक्षा सोयीची जागा कुठली?

इथे लिलियन वॉल्ड या बाईंचा उल्लेख केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. आम्हा परिचारिकांच्या अभ्यासात फ्लोरेन्स नाइटिंगेल येतात, त्यानंतर खरे म्हणजे यांचेच नाव यायला हवे. १८६७ चा जन्म, सुखवस्तू जर्मन-यहुदी घराणे. १८९१ मध्ये त्या न्यूयॉर्क हॉस्पिटलमधून परिचारिका झाल्या आणि मग डॉक्टरकी शिकू लागल्या. १८९३ मध्ये त्या लोअर ईस्ट साइडच्या बायकांना घरगुती शुश्रूषेचे धडे द्यायला जात असत. एके दिवशी एक लहान मुलगी वर्गात आली आणि आई आजारी आहे म्हणून त्यांना घेऊन गेली. लडलो नावाच्या रस्त्याच्या टोकाला, मागच्या चाळीत, दोन दिवसांची बाळंतीण रक्तस्रावात पडली होती. खोल्या दोन आणि कुटुंब सात जणांचे, वर पोटभाडेकरू. वॉल्डबाईंनी तिची शुश्रूषा केली, खोली स्वच्छ केली, आणि डॉक्टरकीचा अभ्यास सोडून दिला. मेरी ब्रूस्टर या मैत्रिणीसह त्या त्याच वस्तीत राहायला गेल्या. १८९५ मध्ये हेन्री स्ट्रीटवरच्या घरात त्यांचे केंद्र सुरू झाले. घरोघर जाणाऱ्या आरोग्य परिचारिकेला 'पब्लिक हेल्थ नर्स' हे नाव त्यांनीच दिले. हिब्रूत परिचारिकेला 'अहोत', म्हणजे बहीण, म्हणतात आणि आपण 'सिस्टर' म्हणतो. या बाई दोन्ही अर्थांनी त्या शिंप्यांच्या बहीण होत्या. लडलो रस्त्याचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, ते पुन्हा येणार आहे.

न्यूयॉर्कसारखेच शिकागो. 'हार्ट शाफनर अँड मार्क्स' ही पुरुषांच्या सूटची तिथली बडी पेढी. मालक जर्मन-यहुदी घराण्यांतले, कामगारांत रशियातून आलेले यहुदी पुष्कळ. २२ सप्टेंबर १९१० रोजी विजारीचा खिसा शिवण्याचा दर चार सेंटवरून पावणेचार सेंट केला गेला, तेव्हा हॅना शपिरो ही तरुण मुलगी काम टाकून उठली. तिच्याबरोबर सोळा-सतरा जणी निघाल्या. पुरुष कारागीर आधी त्यांना हसले. पण महिनाभरात संप शहरभर पसरला आणि सुमारे चाळीस हजार लोक बाहेर पडले. पाव सेंटासाठी! पुढच्या जानेवारीत त्या पेढीने लवाद मान्य केला. या संपातूनच सिडनी हिलमन पुढे आले आणि १९१४ मध्ये पुरुषांचे कपडे शिवणाऱ्यांची मोठी संघटना उभी राहिली. बेसी अब्रामोविच ही पहिल्या दिवशीच्या मुलींपैकी एक, तिचे लग्न पुढे याच हिलमनशी झाले. अमेरिकन सूटच्या आतल्या खिशापाशी कित्येक वर्षे संघटनेची छोटी चिठ्ठी शिवलेली असे. आज जुने कपडे जमवणारे शौकीन त्याच चिठ्ठीवरून कोटाचे साल ठरवतात.

ज्याला आज जगभर 'आयव्ही' किंवा कॉलेजी पोशाख म्हणतात, तो याच काळात घडला. खांद्यात फारसा कापूस न भरलेला, कमरेत न चापलेला सरळ कोट, टोकांना बटणे असलेली मऊ कॉलर, साधी टाय. बटणांच्या कॉलरची कथा अशी की, ब्रुक्स घराण्यातल्या जॉन ब्रुक्सने १८९६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये पोलोचा सामना पाहिला. वाऱ्याने कॉलर तोंडावर उडू नये म्हणून खेळाडूंनी तिला बटणे लावली होती. त्याने ती युक्ती घरी नेली. आणि पोलो इंग्लंडला कुठून गेला? मणिपूरहून. आसामातल्या इंग्रज चहामळेवाल्यांनी १८५९ मध्ये सिल्चरला पोलोचा क्लब काढला, तिथून तो कलकत्ता आणि मग इंग्लंड. म्हणजे अमेरिकन साहेबाची कॉलर मणिपुरी घोडेस्वारांपर्यंत जाऊन पोहोचते.

येल विद्यापीठाच्या दारात, न्यू हेवनला, १९०२ मध्ये जेकोबी प्रेस या लॅटव्हियाहून आलेल्या यहुदी शिंप्याने दुकान काढले. 'जे. प्रेस' हे नाव या पोशाखात ब्रुक्सच्या खालोखाल घेतले जाते. श्रीमंत घराण्यांची मुले तिथे कोट शिवीत आणि त्यालाच खानदानी अमेरिकन पोशाख म्हणत. गंमत म्हणा की दुःख म्हणा, त्याच येलने १९२० च्या दशकापासून यहुदी विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित ठेवण्याचे धोरण धरले, ते १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकले. यहुद्याने बेतलेला कोट वर्गात बसू शके, पण यहुद्याच्या मुलाला मात्र मोजून-मापून जागा. वारसा या शब्दाचा मला जो संशय येतो, तो या ठिकाणी.

महायुद्धानंतर १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिकता आले. ते फौजेतल्या खाकी विजारी घालूनच कॉलेजात गेले आणि खाकी ही कॉलेजची विजार झाली. खाकी म्हणजे मातीच्या रंगाची. हा आपल्याकडचाच शब्द, आणि रंग फौजेत आला तो १८४० च्या दशकाच्या अखेरीस, पेशावरला, लम्सडेन साहेबाच्या 'गाइड्स' पलटणीतून. आमच्या शाळेत मुलांची अर्धी चड्डी खाकी असायची. ती कधी फॅशन होईल असे कोणी सांगितले असते तर मास्तरही हसले असते. उन्हाळ्यासाठी चौकड्यांचे मद्रास कापड आले. त्याचे रंग धुताना पसरत. कपड्याचा रंग गेला तर आपण दुकानदाराशी भांडतो. पण १९६० च्या दशकात अमेरिकन विक्रेत्यांनी 'रंग नक्की जाणार' हीच हमी म्हणून जाहिरात केली, आणि दर धुण्याला नवा दिसणारा शर्ट म्हणून लोकांनी तो उचलला! न्यू ऑर्लीन्सच्या जोसेफ हास्पेलने १९०९ पासून सूटसाठी वापरलेले चुण्यांचे 'सीअरसकर' कापडही तसेच. फारसी 'शीर-ओ-शकर', दूध आणि साखर, एक पट्टी गुळगुळीत आणि एक खरखरीत. पूर्वी ते गरिबांचे कापड होते. १९९६ पासून वॉशिंग्टनच्या सिनेटमध्ये जूनमधल्या एका गुरुवारी सभासद हौसेने हे सूट घालून येऊ लागले. मध्ये दोन वर्षे खंड पडला, आणि २०१४ मध्ये प्रथा पुन्हा सुरू झाली.

काळ्या जॅझ वादकांनीही हा कॉलेजी पोशाख उचलला. माइल्स डेव्हिसच्या १९५८ च्या 'माइलस्टोन्स' या तबकडीच्या वेष्टनावर तो बटणांच्या कॉलरचा हिरवा शर्ट घालून बसलेला दिसतो.

मग १९६० च्या दशकाच्या अखेरीस व्हिएतनाम युद्ध, निदर्शने, लांब केस. खुद्द अमेरिकन विद्यार्थ्यांनीच हा पोशाख टाकून दिला. टाकलेले जपानने उचलले, ही या इतिहासातली सर्वांत विलक्षण गोष्ट. ओकायामाच्या केनसुके इशिझू यांनी ओसाकात 'व्हॅन' नावाची कंपनी काढली होती आणि अमेरिकन कॉलेजी कपडे ते जपानी तरुणांना शिकवीत होते. शिकवीत, हाच शब्द बरोबर. कुठले बटण लावायचे, विजार किती आखूड, याचे नियम मासिकांतून छापून येत. १९६४ च्या ऑलिंपिकआधी टोकियोच्या गिंझा भागात असे कपडे घालून उभ्या राहणाऱ्या पोरांना पोलिसांनी धरून नेले, इतका तो प्रकार वडील मंडळींना उच्छृंखल वाटला. १९६५ मध्ये व्हॅनची माणसे छायाचित्रकार घेऊन अमेरिकेच्या नामांकित विद्यापीठांत गेली. त्यांना वाटले, सगळे कोट-टायमध्ये भेटतील. पाहतात तर पोरे चड्ड्या आणि चपला घालून फिरताहेत! तरी जे मिळाले ते टिपून त्यांनी 'टेक आयव्ही' हे छायाचित्रांचे पुस्तक काढले. व्हॅन १९७८ मध्ये बुडाली, पण पुस्तक राहिले. २०१० मध्ये त्याची इंग्रजी आवृत्ती अमेरिकेत निघाली आणि अमेरिकन शिंपी व दुकानदार जपानी पुस्तक उघडून आपल्याच आजोबांचा पोशाख शिकू लागले. दरम्यान १९८६ मध्ये 'जे. प्रेस' ही पेढीच एका जपानी कंपनीने विकत घेतली होती.

जीन्सचेही असेच झाले. जुनी जीन्स अरुंद मागावर, धोटा पुढे-मागे जाऊन विणलेल्या कापडाची असे. लुगड्याला असतो तसा त्याला पक्का काठ असे. अमेरिकन गिरण्यांनी रुंद आणि वेगवान माग घेतले, काठ गेला. ओकायामातल्या कोजिमा गावच्या जपानी कारागिरांनी जुने माग पुन्हा चालवून तसा काठ आणला, आणि तोच काठ दिसावा म्हणून आज तरुण पँटची दुमड वर करून चालतात. ग्रीन्सबरोची व्हाइट ओक गिरणी मात्र २०१७ च्या अखेरीस बंद पडली.

अमेरिकेत जुनेपणाचा धंदा सर्वांत मोठा केला तो राल्फ लॉरेन यांनी. जन्म १९३९, ब्राँक्स. मूळचे आडनाव लिफशिट्झ. आईवडील बेलारूसमधून आलेले यहुदी, वडील घरे रंगवीत. काही काळ ते ब्रुक्स ब्रदर्समध्ये विक्रेते होते. १९६७ मध्ये त्यांनी रुंद टाय विकायला सुरुवात केली आणि नाव दिले 'पोलो'. मळे, घोडे, जुने वाडे, असे जे जग त्यांना बाहेरून दिसले, ते त्यांनी आतल्यांपेक्षा नेटके करून विकले. याला नक्कल म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. त्या जगाचे कपडे लिफशिट्झांच्याच भाईबंदांनी शिवले होते. त्यांच्यातल्याच एकाने शेवटी पाटी आपल्या नावाची लावली, इतकेच. जानेवारी २०२५ मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्राध्यक्षीय स्वातंत्र्यपदक मिळाले.

त्यानंतरची पिढी थॉम ब्राउन यांची. राखाडी सूट तोच, पण कोट आखडलेला आणि विजार घोट्याच्या वर. धाकट्या भावाचे कपडे घातल्यासारखे दिसते, पण लोकांना आवडले. २००७ पासून ब्रुक्स ब्रदर्सनेही त्यांच्याकडून वेगळा माल काढून घेतला. आणि २००८ मध्ये 'जे. क्रू' या कंपनीने जुन्या अमेरिकन सूटची सडसडीत नवी आवृत्ती बाजारात आणली. तिचे नाव 'लडलो'. वॉल्डबाई ज्या रस्त्याच्या टोकाची चाळ चढून गेल्या, त्याच लडलोचे नाव आता सूटला आहे. पुढे २०२० च्या साथीत लोक घरी बसले, सूट कोणी घेईना, आणि जे. क्रू व ब्रुक्स ब्रदर्स या दोघांनाही न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. दोन्ही नावे नव्या मालकांच्या हाती अजून चालू आहेत.

आता शेवटचा मुद्दा. जुना घाट बेतता येतो, पण जुनी झिजलेली जीन्स कशी शिवणार? खाणकामगाराची विजार मांडीवर आणि गुडघ्यावर पांढुरकी होई, कारण तो वर्षभर तीच घाली. गिऱ्हाइकाला ती झीज दुकानातच हवी झाली. आधी जीन्स मोठ्या यंत्रात दगडांबरोबर धूत. मग वाळूची युक्ती आली. दाबाच्या हवेने वाळूचा फवारा कापडावर मारायचा, की दोन मिनिटांत पाच वर्षांची झीज.

हे काम तुर्कस्तानात, इस्तंबूलच्या लहान लहान कारखान्यांत, मोठ्या प्रमाणावर चाले. पूर्वेकडच्या गरीब खेड्यांतून मुले येत, मिसरूड फुटण्याच्या वयाची. धूळ शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून खोल्या बंद. तोंडाला साधा फडका. कित्येक जण तिथेच झोपत. वाळूत सिलिका असते. तिचा बारीक कण फुप्फुसाच्या टोकाच्या पिशवीत पोहोचला की शरीराच्या रक्षक पेशी त्याला गिळतात आणि स्वतःच मरतात. त्या जागी चट्टा पडतो. कण तिथेच राहतो, म्हणून पुन्हा तेच. हळूहळू स्पंजासारखे फुप्फुस वाळक्या कातड्यासारखे होते. याला सिलिकोसिस म्हणतात. दगडाच्या खाणीत हा रोग यायला वीस-वीस वर्षे लागतात. या मुलांना तो दोन-चार वर्षांत झाला. एर्झुरुमच्या डॉक्टरांनी अशा १४५ जुन्या कामगारांच्या छातीचे फोटो काढले, त्यातल्या ७७ जणांना रोग निघाला. त्यांचे सरासरी वय तेवीसच्या आसपास होते. सैन्यात भरती होताना दम लागतो म्हणून कित्येकांचा रोग प्रथम कळला.

छातीच्या विकारांच्या वॉर्डात मी बरीच वर्षे काढली आहेत. आपल्याकडे स्वयंपाकघराचे कृत्रिम दगडाचे ओटे कापणाऱ्या कामगारांना हाच रोग होतो, आणि इस्रायलमधल्या डॉक्टरांनीच २०१२ मध्ये तो जगाच्या नजरेस आणला. अशा रुग्णाला उताणे झोपवत नाही. तो पलंगाच्या कडेला, पुढच्या टेबलावर कोपरे टेकून बसतो. एक वाक्य बोलायला त्याला तीन श्वास लागतात. औषधाने चट्टा जात नाही. ऑक्सिजन देता येतो, आणि नशीब असले तर दुसऱ्याचे फुप्फुस बसवता येते. चाळिशीचा माणूस चमच्याने सूप पिताना दमून थांबतो, तेव्हा धीर द्यायला शब्द सापडत नाहीत. खाणकामगाराला निदान वाटे की आपण सोने काढतो आहोत. या तुर्की मुलांनी पँटचा रंग काढला.

तुर्कस्तानने २००९ मध्ये या कामावर बंदी घातली. २०१० मध्ये लिव्हाय आणि एच अँड एम या कंपन्यांनीही आपल्या मालासाठी ते बंद केल्याचे जाहीर केले. काम थांबले नाही, बरेचसे दुसऱ्या देशांत गेले. आजारी मुलांची नोंद कुठल्याच कारखान्याच्या वहीत नव्हती, म्हणून त्यांना भरपाई मिळेना. रुग्णांनी आणि डॉक्टरांनी मिळून चळवळ केली, तेव्हा २०११ मध्ये कायदा होऊन नोंद नसलेल्यांनाही अपंगत्वाचे वेतन मिळू लागले. २०१८ मध्ये लिव्हाय कंपनीने लेसर यंत्राने झीज उमटवण्याची पद्धत जाहीर केली; दीड मिनिटात काम होते, आणि धुळीत कोणी उभे राहत नाही. काही दुकाने न धुतलेली, कडक, गडद निळी जीन्सही विकतात. ती घालणाऱ्याने स्वतःच वर्ष-दोन वर्षे वापरून जुनी करायची असते. मला विचाराल तर एवढाच एक प्रकार जुन्या विजारीच्या जवळचा आहे.

मांडीवरचा पांढुरका पट्टा उजळ करायला मात्र अजूनही पुष्कळ कारखान्यांत पोटॅशियम परमँगनेटचा फवारा हाताने मारतात. आम्ही मुंबईत जखमा धुवायला घेत असू ती जांभळी पूड हीच. पाण्यात चिमूटभर टाकली तर औषध, आणि दिवसभर तिच्या तुषारात उभे राहिले तर डोळे आणि श्वासनलिका जळतात. दुकानातल्या जीन्सवरचा पट्टा लेसरचा आहे की फवाऱ्याचा, हे तिच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते.